जाणकाराचा सल्ला वेगळा आणि जाणकाराची सत्ता वेगळी

इलेक्शन जवळ आलं की गोव्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं, म्हापशाच्या बाजारात, पणजीत चहाच्या टेबलावर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा, की "अरे शिकलेल्यांच्याच हातात द्यायला पाहिजे सगळं, हे लोक काय, नोट दिसली की मत विकतात." समोरचा लगेच उसळतो, "शिकलेल्यांनीच तर डोंगर विकले, आम्हाला कोण विचारतो?" मग पानातला भात गार होईस्तोवर वाद, आणि शेवटी दोघंही आपापल्या जागी.

मला विचाराल तर या भांडणात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक म्हणजे जाणकाराचा सल्ला घेणं, दुसरी म्हणजे जाणकाराच्या हातात सत्ता देणं. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हीकडे तोच चष्मेवाला साहेब, तोच नकाशा, तेच प्रेझेंटेशन. ओळखायची खूण एकच, आपण नाही म्हटलं तर पुढे काय होतं ते बघायचं. नाही म्हटल्यावर तो माणूस कागद गुंडाळून परत विचार करायला जातो, तर तो सल्ला. नाही म्हटलं तरी जेसीबी येतो, तर ती सत्ता, मग तिच्यावर कितीही डिग्र्या चिकटवा.

मांडवीवरचा नेहरू पूल १९८६ च्या जुलैत कोसळला आणि लोक परत फेरीबोटीवर आले, हे आठवणारी माणसं अजून आहेत. तर पुलाचा खांब किती जाड पाहिजे, त्यात लोखंड किती, हे हात वर करून ठरवायची गोष्ट नाही, ते इंजिनियरनेच सांगायचं आणि त्याने चूक केली तर त्याला जबाबदारही धरायचं. पण पूल इथूनच का, कोणाच्या शेतातून, कोणाचं घर जाणार, फेरीबोट चालू ठेवायची की नाही, याचं उत्तर इंजिनियरिंगच्या पुस्तकात नसतं. आपली गडबड इथेच होते, पहिल्या प्रश्नाचं उत्तर येणाऱ्या माणसाला आपण दुसऱ्या प्रश्नाचा पण मालक करून टाकतो, आणि तो पण बिचारा नको म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल की एकदा तरी तज्ज्ञांचं राज्य करून बघूया ना. अहो बघितलंय की आपण! सालाझार कोण होता? कोइंब्रा विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा प्रोफेसर. १९२८ साली पोर्तुगालचा अर्थमंत्री झाला, वर्षानुवर्षं तुटीत चाललेलं बजेट जमवून दाखवलं, हे त्याचं काम खरंच आहे, नाकारायचं कारण नाही. मग १९३२ ला पंतप्रधान झाला आणि १९६८ ला आजारपणाने खाली उतरवेपर्यंत तिथेच. मत द्यायचा हक्क लिहिता-वाचता येणाऱ्याला नाहीतर ठरावीक कर भरणाऱ्याला, म्हणजे शेतात राबणारा कूळ, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार, मासे विकणारी बाई, सगळे आपोआप बाहेर. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्याला दुय्यम करून ठेवलं, जाहीर सभा घ्यायला परवानगी लागायची, लग्नपत्रिका पण सेन्सॉरकडून पास करून आणायला लागायची असं जुनी माणसं सांगतात, आणि १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांनी सभा घेतली ती याच बंदीच्या विरोधात. म्हणजे हिशेबात हुशार माणूस, पण त्याला "बस झालं, आता उतर" म्हणायची सोयच नाही. सल्लागार म्हणून तो चांगला ठरला असता कदाचित.

दुसरी सरमिसळ याहून बारीक आहे. शिकलेला माणूस निवडून येणं आणि शिकलेला म्हणून खुर्चीत बसणं, ह्या पण दोन गोष्टी. मनोहर पर्रीकर आयआयटीचे, २००० साली मुख्यमंत्री झाले, तर लोक म्हणतात बघा, शिकलेल्याच्या हातात दिलं. अहो, पण दिलं कोणी? पर्रीकरांना खुर्ची आयआयटीच्या सर्टिफिकेटने नाही मिळाली, पणजीच्या मतदारांनी आणि सभागृहातल्या बहुमताने दिली, आणि ते बहुमत गेलं असतं तर सर्टिफिकेट काय कामाचं. त्यांच्या आधी भाऊसाहेब बांदोडकर, खाणमालक, पदवीबिदवी काही नाही, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. दोघांची शाळा वेगळी, पण सत्तेचा उगम एकच, मतपेटी.

भाऊसाहेबांचा विषय निघालाच आहे तर १९६३ ची निवडणूक जरा बघूया, कारण सामान्य माणसाला काय कळतं या प्रश्नाचं उत्तर तिथे जवळून दिसतं. मुक्ती मिळून दोन वर्षं झालेली, साक्षरता तीस टक्क्यांच्या आसपास, बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं तेही चिन्ह बघून. दिल्लीत सत्ता काँग्रेसची, मुक्ती आणणारं सरकार तेच, मोठमोठी नावं पाठीशी, त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच होता. आणि गोव्यात काँग्रेसला भोपळा! भाऊसाहेबांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, सत्तेत, डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष समोर विरोधात. कुळाला भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर हक्क पाहिजे होता आणि पोराला गावात शाळा पाहिजे होती, त्यासाठी डिग्री लागत नाही, आपलं दुखणं आपल्याला माहीत असतं. कुळांसाठीचा कायदा १९६४ लाच आला आणि मराठी शाळा गावोगाव उघडल्या.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? भाऊसाहेब स्वतः विलीनीकरणाचे कट्टर, त्यांच्या पक्षाचा पाया तोच, आणि त्याआधी सरकारने राजीनामा दिलेला. निकाल काय? केंद्रशासित राहायच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, फरक ३४,०२१ चा. (आमच्या मराठीवाल्या घरांत यावर आजही दोन तट आहेत, तो विषय आज नको.) आणि मग दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तर याच मतदारांनी परत मगोला निवडून दिलं, भाऊसाहेब परत मुख्यमंत्री. म्हणजे विलीनीकरण नको, पण भाऊ पाहिजेत. ज्याला लिहिता येत नाही त्याला इतका बारीक फरक करता येतो, हे कुठल्या एक्स्पर्ट कमिटीने आधी सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

शिक्षणाची अट घालून बघितलेली उदाहरणं पण आहेत. हरियाणाने २०१५ ला पंचायत निवडणुकीला उभं राहायला सर्वसाधारण उमेदवाराला दहावीची अट घातली, महिलांना आणि अनुसूचित जातींना थोडी सूट, आणि १० डिसेंबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ती ग्राह्यही धरली. राजस्थानने अशीच अट आणली होती, २०१९ ला काढून टाकली. यातला विनोद असा की गावच्या पंचाला दहावी पाहिजे, पण तो कायदा करणाऱ्या आमदाराला शिक्षणाची कसलीच अट नाही, आजही नाही. शिवाय महाराष्ट्रातले पाहुणे आले की पदवीधर मतदारसंघाबद्दल बोलतात, त्यामुळे काहींना वाटतं पदवीधराला सगळीकडे जादा मत असतं. तसं नाही, ते विधान परिषदेपुरतं, तिथे ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. गोव्यात विधान परिषदच नाही, ४० आमदार आणि विषय संपला.

आता सल्ला आणि सत्ता समोरासमोर बघायची तर प्रादेशिक आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा सरकारी नकाशा. २०११ सालापर्यंतचा म्हणून जो आराखडा होता तो २००६ ला अधिसूचित झाला आणि लोकांनी नकाशे उघडून बघितले तर हिरवे डोंगर सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायची जागा, झालेले! गोवा बचाव अभियान उभं राहिलं, लोक रस्त्यावर आले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा गुंडाळायला लागला. तो पण कोणीतरी ड्रॉइंग येणाऱ्यानेच काढला होता ना, डिग्री कमी नव्हती, विचारलं नव्हतं एवढंच. मग २०२१ चा आराखडा करायला टास्क फोर्स बसली, त्यात चार्ल्स कोरिया, एडगर रिबेरो अशी जगभर नाव असलेली माणसं, आणि त्यांनी केलेला मसुदा गावोगाव पंचायतींकडे पाठवला गेला.

आमच्याकडे पंचायतीच्या हॉलमध्ये दोन टेबलं जोडून नकाशा पसरला होता, कोपऱ्यांवर पेपरवेट म्हणून नारळ, आणि भोवती गर्दी. एक शिकलेला मुलगा सर्व्हे नंबर वाचत होता आणि आयुष्यभर शेत केलेले एक काका बोट ठेवून सांगत होते, हे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आहे, इथे मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी आत येतं, हा बांध तुम्ही रस्ता म्हणून दाखवलाय, आणि ही झर तर नकाशात नाहीच. काकांना स्केल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि त्या मुलाला मानस कुठे ते ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून दुपारभर लाल पेनाने खुणा केल्या. सल्ला म्हणतात तो हा, आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो, शिकलेल्याने सामान्याला आणि सामान्याने शिकलेल्याला. गावाने लिहिलेलं सगळं अंतिम नकाशात आलं असं मी म्हणत नाही, बऱ्याच गावांची तक्रार होतीच.

पुढे काय झालं ते पण बघा. २०१२ ला नवीन सरकारने तो आराखडा स्थगित ठेवला. २०२३ ला नगर नियोजन कायद्यात १७(२) कलम आलं, आराखड्यातली चूक सुधारायच्या नावाखाली एकेका प्लॉटचा झोन बदलायला, आणि मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. आता सांगा, हे झोन बदल जाणकारांनी ठरवले की जनतेने? कोरियांसारख्यांना कोणी विचारलं नाही आणि नारळ ठेवून नकाशा बघणाऱ्या काकांना तर नाहीच नाही. शिकलेला विरुद्ध साधा असं आपण भांडत बसतो तेव्हा फाईल हलवणारा तिसराच असतो, आणि त्याला ह्या भांडणाचा फायदाच होतो.

अजून एक फसवी जागा म्हणजे जनसुनावणी. लोकांना वाटतं ती ग्रामसभेची थोरली बहीण. पण तिथे सगळं उलटं असतं, तिथे लोक सल्लागार आणि साहेब मालक. २०२१ ला किनारी आराखड्याच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या जागांच्या सरकारी नकाशाच्या, सुनावण्या झाल्या, आराखडा चेन्नईच्या संस्थेने केलेला, मार्चमध्ये इतका गोंधळ झाला की जुलैत परत सुनावणी घ्यायला लागली. मच्छीमारांनी, खाजनवाल्यांनी माईकवर जाऊन सांगितलं, आमच्या जागा यात बरोबर नाहीत. पाच मिनिटं बोलायची, बाजूला एकजण लिहून घेणार, आणि निर्णय दुसरीकडे. बोलायला मिळालं म्हणजे ठरवायला मिळालं असं नव्हे, हे तिथून घरी येताना पुष्कळांच्या लक्षात आलं.

सामान्य माणूस देव आहे असंही माझं म्हणणं नाही हां. ग्रामसभेत एकच घोळका येऊन ठराव रेटून नेतो, परप्रांतीयांवर वाटेल ते बोलतात, आणि गोव्यात सरपंच बदलायचा म्हटलं तर पंचांचा अविश्वास ठराव केव्हाही तयार. लोकांचा निर्णय चुकतो, बऱ्याचदा चुकतो. फक्त तो चुकला तर त्यांच्याच विहिरीचं पाणी खारं होतं, आणि पुढच्या वेळी माणूस बदलायची सोय त्यांच्याच बोटाला असते. सल्लागार चुकला तर त्याचं बिल तर आधीच पास झालेलं असतं.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत कोणी कन्सल्टंट स्लाईड घेऊन उभा राहिला तर टाळ्या पण नको आणि आरडाओरडा पण नको, तीन गोष्टी विचारा. रिपोर्टवर सही कोणाची? दुसरे पर्याय कुठले तपासले आणि ते का टाकले? आणि आम्ही नाही म्हटलं तर पुढे काय? शेवटच्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं की समजायचं. आणि हो, शिकलेल्यांच्या हातात द्या म्हणणारे आमचे मित्र, रविवारी सकाळी ग्रामसभेला एकदा या ना, कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायला लागतं तेव्हा तुमच्याच खुर्च्या रिकाम्या असतात.