दोन वर्षांच्या पोराला समुद्र आठवतो का?

आमच्या घरात हा वाद दर उन्हाळ्यात निघतो. लहान भाऊ ठासून सांगतो, "मले आठोते न! बाबाच्या खांद्यावरून पाह्यला होता म्या समुद्र." तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि मी आठ. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून अख्खं घर मे महिन्यात कोकणात गेलं होतं. कापसाचे पैसे हाती आले होते आणि विदर्भातल्या शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो. लॉजचा खर्च नको म्हणून सुरूच्या बनात ताडपत्री ताणली, विटांची चूल मांडली आणि तिथेच मुक्काम केला.

बहुतेक माणसांची सगळ्यांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. दोन वर्षांच्या मुलाला काहीच लक्षात राहत नाही असं नाही. गेल्या महिन्यात पाहिलेलं ते बरोबर ओळखतं, पण पुढे ते टिकत नाही. प्रसंगांची आठवण बांधायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. टोरोंटोतल्या शीना जोसेलिन आणि पॉल फ्रँकलंड यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी झपाट्याने तयार होतात आणि त्या शिरताना आधीच्या जोडण्या विस्कटतात. औषध देऊन हा वेग कमी केला, तर शिकलेलं पिल्लांना जास्त दिवस आठवलं. गिनिपिगची पिल्लं जन्मतःच बरीच वाढलेली असतात, त्यांच्या मेंदूत ही धांदल कमी असते आणि ती विसरतातही कमी.

माझ्या वयाला समुद्र पक्का राहिला, त्याला आमचं गावही कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत तो पसरलाय. इथल्या पोरांना खारट पाण्याचं नवल नाही. तरी लाटेचं पाणी तोंडात गेलं तेव्हा मी ओरडले होते, "हे तं आपल्या इहिरीपेक्षाही खारट हाय!" समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हिप्पोकॅम्पस समोर आलेला अनुभव ओळखीच्या अनुभवाशी ताडून पाहतो. अपेक्षेपेक्षा वेगळं काही निघालं की मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं आणि त्या वेळची आठवण घट्ट होते. समुद्राची चव घ्यायला मी विहिरीचं माप घेऊन गेले होते, म्हणून ती चव इतकी लख्ख राहिली असं मला वाटतं.

वासाचं तर आणखी वेगळं आहे. समुद्राला जो विशिष्ट वास येतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या वायूचा मोठा वाटा असतो. समुद्रातले सूक्ष्म शैवाल एक गंधकयुक्त द्रव्य साठवतात आणि जिवाणू त्याचं विघटन करून हा वायू सोडतात. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या अँड्र्यू जॉन्स्टन यांच्या गटाने २००७ मध्ये त्यासाठी लागणारं एक जनुक शोधलं. दृश्य आणि आवाज मेंदूत थॅलॅमस या ठाण्यावरून पुढे जातात. वास मात्र थेट भावना आणि आठवणींच्या केंद्रांजवळ पोहोचतो. मोठ्या माणसांना शब्द किंवा चित्रं दाखवली तर तरुणपणीच्या आठवणी जास्त येतात, आणि वास दिला तर वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या. आमच्या गावापासून समुद्र शेकडो कोस दूर, त्यामुळे तो वास मला नंतर क्वचितच मिळाला. इतर वासांत तो मिसळून गेला नाही, हे माझं भाग्यच.

आता भावाची गोष्ट. आमच्याकडे त्याचा बाबांच्या खांद्यावरचा एक फोटो आहे. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी काही प्रौढांना त्यांच्या बालपणीचा, गरम हवेच्या फुग्यातून सैर केल्याचा बनावट फोटो दाखवला. वारंवार विचारल्यावर निम्म्या लोकांना कधीच न झालेली ती सैर थोडीफार तरी "आठवली". ते खोटं बोलत नव्हते. आठवण काढली की ती काही काळ मऊ पडते आणि पुन्हा घट्ट होताना तिच्यात नवं काही मिसळू शकतं. करीम नादर यांनी उंदरांवर २००० मध्ये केलेल्या प्रयोगांनी हे पुढे आणलं. आमच्याकडे चुलीत पाणी शिरल्याची गोष्ट चुलतभाऊ रात्रीची सांगतो, मोठीआई सकाळची. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे दोघांच्याही गोष्टीला समुद्राची हरकत नाही. भावाचा खांद्यावरचा समुद्र बहुधा फोटोतून आणि आमच्या अंगणातल्या गप्पांतून तयार झालाय.

पण गप्पांना दोष देणं मला पटत नाही. न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मूळनिवासी माओरी प्रौढांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांची निघाली, युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनची. माओरींमध्ये घराण्याच्या गोष्टी सांगण्याला फार मान आहे. तिथल्याच पुढच्या अभ्यासात असंही दिसलं, की आई लहान मुलाशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मोकळे प्रश्न विचारत, त्याच्या उत्तराला भर घालत बोलली असेल, तर किशोरवयात त्या मुलाच्या आठवणी अधिक लहान वयापर्यंत मागे जातात. परतीच्या गाडीत बडनेरा येईस्तोवर मोठीआई आम्हा पोरांना एकेकाला धरून नेमकं हेच करत होती: "मंग तुवा काय केलं? पाणी कसं लागलं पायाले? अन् मंग?"