कमानी वाऱ्याने कोरल्या? वाऱ्याला उगाच श्रेय!

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आर्चेस नॅशनल पार्कचा फोटो आला की खाली ओळ ठरलेली: ‘वाऱ्याने कोरलेलं शिल्प’. वाऱ्याच्या वाट्याला तिथे फार तर सुटी वाळू झाडून नेण्याचं काम येतं. दोन हजारांहून अधिक कमानी घडवल्या त्या पाण्याने, तेही वर्षाकाठी जेमतेम २०-२५ सेंटीमीटर पावसाच्या.

आधी मीठ. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथला समुद्र पुन्हा पुन्हा आटला आणि मिठाचा जाड थर मागे राहिला. वर खडकांचं ओझं साचत गेलं तसं दाबाखालचं मीठ मळलेल्या कणकेसारखं सरकून जागोजागी फुगलं. वरचा वालुकाश्म समांतर रेषांत तडकला, भेगा रुंदावल्या आणि मधे उंच, अरुंद भिंती उरल्या. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी वाळूचे कण सांधणारं कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं. हिवाळ्यात भेगांतलं पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगतं आणि ढलपे निघतात. पायथ्याशी खळगा पडतो, पुढे आरपार भोक.

पण ते भोक वेडंवाकडं न राहता कमानदार का होतं? पोकळीवरच्या दगडाचं वजन तिला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली उतरतं. ज्या कणांवरून हा भार जातो ते एकमेकांत घट्ट अडकतात, पाण्याला दाद देत नाहीत. भाराच्या वाटेबाहेरचे कण मात्र गळून पडतात. दगड जितका झिजतो तितका उरलेल्या भागावरचा दाब वाढतो, आणि दाब वाढला की झीज मंदावते. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं: अशा एकमेकांत अडकलेल्या कणांच्या वाळूचा ठोकळा नुसता पाण्यात ठेवला तर विरतो, वर वजन ठेवलं तर झिजत झिजत खांब उरतो. हा दाबाचा फायदा. उलट ताण आला, म्हणजे दगड ओढला गेला, की हाच दगड कच्चा. सुमारे ८८ मीटर लांबीच्या ‘लँडस्केप आर्च’ या कमानीचा जवळपास १८ मीटरचा ढलपा १९९१ मध्ये कोसळला. तिच्या खालची वाट तेव्हापासून बंद आहे.

पार्कातल्या ‘डेलिकेट आर्च’ या प्रसिद्ध कमानीला, वाट जिथे सुरू होते त्या वुल्फ रँचपासून जाऊन-येऊन सुमारे ४.८ किलोमीटर चाल आहे आणि १४५ मीटरची चढण. सावली नाही, म्हणून माणशी किमान दोन लिटर पाणी हवंच. बरेच जण गाडी पुढे नेऊन ‘व्ह्यूपॉइंट’ला उतरतात, तिथून कमान दीडेक किलोमीटर लांब, बोटाएवढी दिसते. हिवाळ्यात शेवटच्या कड्यालगतच्या वाटेवर बर्फ असतो, साध्या चपला-बुटांनी पाय घसरतो.

वाटेच्या सुरुवातीलाच यूट या मूळ रहिवासी लोकांनी दगडात कोरलेले घोडेस्वार आहेत. या भागात घोडे स्पॅनिशांमुळे आले, म्हणून ही चित्रं साधारण १६५० ते १८५० मधली ठरतात. युटातल्या याहून जुन्या चित्रांना फॉरवर्ड मेसेजेस ‘परग्रहवासी’ म्हणतात, आता काय बोलणार! बोटं मात्र लावू नका. त्वचेच्या तेलाने चित्रं खराब होतात. वाटेबाहेरची काळपट, फुगीर माती सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांच्या धाग्यांनी विणलेली असते. एक पाऊल पडलं की ती तुटते आणि भरून यायला कित्येक वर्षं जातात.