उंदरांत नापास, कोंबड्यांत पास

शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ असं ठळक छापलेलं असतं. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मुळात नगण्यच असतं, त्यामुळे छापलं काय आणि न छापलं काय, सारखंच. शिवाय आपल्या अंगातलं बहुतांश कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. दोन कार्बनच्या ॲसिटेटपासून सुरुवात करून, तीसेक पायऱ्या चढून पेशी स्वतःच ते बनवतात. या साखळीचा वेग ठरवणारी पायरी म्हणजे एचएमजी-सीओए या मधल्या पदार्थाचं मेव्हॅलोनेट या पुढच्या पदार्थात रूपांतर होणं, आणि ती पार पाडणारं एन्झाइम म्हणजे एचएमजी-सीओए रिडक्टेज.

जपानी जैवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७१ साली सांक्यो या औषध कंपनीत नेमकी हीच पायरी अडवणारा पदार्थ शोधायला घेतला, तोही बुरशीत. पद्धत सरळ होती. उंदराच्या यकृताचा अर्क घ्यायचा, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ असलेलं ॲसिटेट आणि बुरशी वाढवलेला द्राव घालायचा, आणि कार्बन-१४ स्निग्ध भागात किती उतरला ते मोजायचं. कमी उतरला तर तोच प्रयोग ॲसिटेटऐवजी मेव्हॅलोनेट घालून परत करायचा. आता साखळी सुरळीत चालली, तर अडथळा मेव्हॅलोनेटच्या आधीच आहे.

सहा हजारांवर बुरश्या अशा तपासल्या गेल्या. आधी हाती लागलं सिट्रिनिन. ते एन्झाइम अडवायचं खरं, पण मूत्रपिंडाला घातक, म्हणून बाद. मग क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर-हिरवी पेनिसिलियम सिट्रिनम बुरशी कामाला आली. तिच्यातून १९७३ मध्ये वेगळं काढलेलं कॉम्पॅक्टिन हे पहिलं स्टॅटिन, म्हणजे हे एन्झाइम अडवून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांतलं पहिलं. त्याच्या रेणूचा एक भाग एचएमजीसारखाच दिसतो, आणि एन्झाइमला ते खऱ्या एचएमजी-सीओएच्या सुमारे दहा हजार पट घट्ट धरतं.

एवढं सगळं जमून आलं आणि उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही! औषध तिथेच गुंडाळलं जायचं, पण एंडोंच्या गटाने अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. रोज बलकात कोलेस्टेरॉल भरणारा प्राणी ते भरपूर बनवत असणार, हा हिशोब. तिथे रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढे कुत्रे आणि माकडांतही ते उतरलं. उंदराच्या यकृताने काय केलं होतं? एन्झाइम अडलंय म्हटल्यावर त्याने तेच एन्झाइम कितीतरी पट जास्त बनवलं आणि औषधाचा परिणाम धुऊन काढला.

यकृताची ही प्रतिक्रियाच माणसात उपयोगी पडते. स्टॅटिनने ‘कारखाना बंद पडतो, म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं’ ही समजूत अर्धवट आहे. यकृताच्या पेशीत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या जाळ्याच्या पटलात, एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन बांधलेलं असतं. त्याला स्कॅप नावाच्या प्रथिनाने धरलेलं असतं, आणि पटलात कोलेस्टेरॉल पुरेसं असेपर्यंत इन्सिग हे तिसरं प्रथिन स्कॅपला जागेवरून हलू देत नाही. पटलातल्या एकूण लिपिडांत कोलेस्टेरॉल साधारण ५ टक्क्यांखाली गेलं की इन्सिगची पकड सुटते. स्कॅप एसआरईबीपी-२ला घेऊन गॉल्जी या पेशीतल्या दुसऱ्या भागाकडे जातं. तिथे दोन प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइमं, ओळीने त्याचे तुकडे करतात, सुटा झालेला तुकडा केंद्रकात शिरतो आणि जनुकं चालू करतो. त्यांतलं एक रिडक्टेजचं, दुसरं एलडीएल रिसेप्टरचं, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण पकडणाऱ्या प्रथिनाचं.

हा रिसेप्टर डॅलसमधल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधला. १९८५चं नोबेल त्यांना मिळालं, एंडोंना कधीच नाही. रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर येतो, एलडीएलचा कण पकडतो, आत सोडतो आणि परत वर येतो. एका फेरीला दहाएक मिनिटं. रक्त साफ होतं ते या वाढलेल्या रिसेप्टरांमुळे. म्हणूनच ज्यांच्या रिसेप्टर जनुकाच्या दोन्ही प्रती पूर्ण निकामी असतात, त्यांच्यावर स्टॅटिन फारसं चालत नाही.

‘गोळी नको, नैसर्गिक हवं’ म्हणून रेड यीस्ट राइसच्या, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या, कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी एक माहिती. तिच्यातलं मोनॅकोलिन-के म्हणजेच लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं औषध. फरक इतकाच की कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा भरवसा नाही, आणि ही बुरशी कधीकधी सोबत सिट्रिनिनही बनवते. तेच, जे एंडोंनी बाद केलं होतं.

एसआरईबीपी-२ आणखी एक जनुक चालू करतो, पीसीएसके९चं. हे प्रथिन रिसेप्टरला चिकटलं की तो परत वर येत नाही, आतच नष्ट होतो. म्हणजे स्टॅटिन एका हाताने रिसेप्टर वाढवतं, दुसऱ्या हाताने थोडे घटवतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, त्यामागे हे एक कारण आहे. मात्र दुष्परिणामांचा, विशेषतः स्नायूंच्या त्रासाचा, धोका डोसबरोबर वाढतो. त्यामुळे २० मिलिग्रॅमवर एलडीएल हवं तिथे आलं नाही, तर डॉक्टर पुष्कळदा ४० करण्याऐवजी एझेटिमाइब जोडतात. ते आतड्यातलं कोलेस्टेरॉलचं शोषण अडवतं आणि एलडीएल साधारण आणखी २० टक्क्यांनी उतरवतं.