अमेरिकेत गांजा एकाच वेळी लीगल पण आणि गुन्हा पण, हे झालं कसं?

अमेरिकेतल्या २४ राज्यांनी मोठ्या माणसांसाठी गांजा कायदेशीर केलाय, औषध म्हणून चालवून घेणारी राज्यं तर त्याहून जास्त आहेत. दुकानाला राज्याचं लायसन्स, दारात आयडी बघणार, पावतीवर राज्याचा टॅक्स, सगळं रीतसर, आणि तरी तोच व्यवहार वॉशिंग्टनच्या म्हणजे फेडरल कायद्यात गुन्हा. आपल्याकडच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की केंद्राचा कायदा असताना राज्य असं कसं करू शकतं. यावर लिहिणारे बहुतेक लोक राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळापासून, म्हणजे १९७० च्या ड्रग कायद्यापासून सुरुवात करतात पण मला वाटतं खरी गोम त्याच्या बरीच आधीची आहे, थेट दारूबंदीतली.

१९२० ला तिकडे देशभर दारूबंदी लागू झाली, आणि त्यासाठी चक्क राज्यघटनेत १८ वी दुरुस्ती करावी लागली, कारण माणसाने काय प्यावं हे ठरवायचा अधिकार वॉशिंग्टनकडे आहे असं तेव्हा कोणी मानतच नव्हतं. ते काम राज्यांचं. आणि गंमत म्हणजे घटना बदलूनसुद्धा १९२३ मध्ये न्यूयॉर्कने दारूबंदी राबवायचा स्वतःचा कायदा रद्द करून टाकला, गव्हर्नर अल स्मिथने सही केली, थोडक्यात काय तर बंदी तुमची आहे ना मग पकडापकडी पण तुम्हीच करा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३३ ला दारूबंदी गेली.

गांजाचं उलट झालं, त्यावर आधी बंदी आणली ती राज्यांनीच. कॅलिफोर्निया, जे आज सगळ्यात मोकळं समजलं जातं, त्याने १९१३ मध्येच बंदी घातली होती. वॉशिंग्टन उशिरा आलं, आणि आलं ते हॅरी ॲन्सलिंगर नावाच्या माणसामुळे. हा १९३० पासून १९६२ पर्यंत फेडरल नार्कोटिक्स ब्युरोचा प्रमुख, म्हणजे ३२ वर्षं एकाच खुर्चीत, आणि त्याने गांजा म्हणजे मेक्सिकन आणि काळ्या लोकांचं व्यसन, त्याने माणूस वेडा होऊन खून करतो वगैरे गोष्टी पेपरांत आणि संसदेत इतक्या वेळा सांगितल्या की त्या खऱ्याच वाटायला लागल्या. पण बंदी घालायचा अधिकार नाही हा प्रॉब्लेम होताच, म्हणून १९३७ मध्ये पळवाट काढली टॅक्सची. मारिवाना टॅक्स ॲक्ट. नाव नोंदवलेल्याला एका औंसाच्या व्यवहारावर १ डॉलर टॅक्स, न नोंदवलेल्याला १०० डॉलर. डॉक्टरांच्या संघटनेतर्फे विल्यम वुडवर्ड यांनी संसदेच्या समितीपुढे याला विरोध केला, कोणी फारसं ऐकलं नाही.

आता या टॅक्समधली मेख बघा. टॅक्स भरायला गेलात म्हणजे माझ्याकडे गांजा आहे हे तुम्ही स्वतः लिहून दिलं, आणि राज्याच्या कायद्यात तो गुन्हा, म्हणजे फेडरल सरकारला पैसे द्या आणि राज्याच्या जेलमध्ये जा. नाही भरला तर फेडरल जेल. ही अशी व्यवस्था तीसेक वर्षं आरामात चालली. १९६५ मध्ये टिमथी लिअरी, तो एलएसडी नावाच्या नशेचा प्रचार करणारा प्रोफेसर, टेक्ससमध्ये लारेडोच्या बॉर्डरवर गांजासकट पकडला गेला, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६९ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की कोणाला स्वतःविरुद्ध असा पुरावा द्यायला लावता येत नाही. टॅक्स ॲक्ट निकामी झाला.

पण तोवर वॉशिंग्टनच्या हातात दुसरं हत्यार आलेलं होतं, आणि ते आलं गव्हामुळे. ओहायोतला फिलबर्न नावाचा शेतकरी, त्याला सरकारने सुमारे ११ एकरांत गहू लावायची मुभा दिली होती, त्याने २३ एकरांत लावला आणि म्हणाला की जास्तीचा गहू मी बाजारात नेतच नाही, घरी आणि गुरांनाच लागतो. १९४२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, घरचा खाल्लास म्हणजे बाजारातून विकत घेतला नाहीस, असं सगळ्यांनी केलं तर देशभराच्या भावावर परिणाम होतो, म्हणून हा आंतरराज्य व्यापार आणि तो वॉशिंग्टनच्या कक्षेत. ऐकायला हास्यास्पद वाटतं पण आजचा अख्खा फेडरल ड्रग कायदा याच विचारावर उभा आहे. १९७० ला कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्ट आला तेव्हा घटनादुरुस्तीचं कोणी नावही काढलं नाही.

त्या कायद्यात गांजा टाकला शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, हेरॉइनच्या शेजारी, म्हणजे औषधी उपयोग शून्य. कोकेन मात्र शेड्यूल दोनमध्ये, आता बोला. त्यावेळी असं ठरलं होतं की एक कमिशन अभ्यास करेल, मग बघू. पेन्सिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर रेमंड शेफर, निक्सनच्याच पक्षाचे, त्यांच्या कमिशनने १९७२ मध्ये रिपोर्ट दिला की स्वतःपुरता बाळगणं हा गुन्हा धरू नका. निक्सनने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि ती तात्पुरती जागा पन्नास वर्षं टिकली. राज्यं मात्र हलायला लागली, १९७३ ला ओरेगनने थोडा गांजा बाळगण्यावर नुसता दंड ठेवला, मागोमाग आणखी दहा राज्यांनी शिक्षा सौम्य केल्या, मग १९८० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळात वारं फिरलं आणि सगळं थंड.

परत उकळी फुटली ती एड्समुळे. सॅन फ्रान्सिस्कोत तरुण पोरं हाडांचा सापळा होऊन मरत होती, गांजाने भूक लागते, उलट्या थांबतात हे ते स्वतः अनुभवत होते, आणि डेनिस पेरॉनने तिथे उघडपणे गांजाचा क्लब चालवला. त्याच चळवळीतून १९९६ मध्ये प्रपोझिशन २१५ हा थेट मतदानाचा प्रस्ताव आला आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी गांजा मंजूर केला. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन लिहायचं नाही, कारण त्याला फेडरल लायसन्स लागतं, नुसती शिफारस करायची, अशी सोय.

मग ऑगस्ट २००२. कॅलिफोर्नियात एका बाईच्या घरी काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) पोलीस आणि डीईए म्हणजे फेडरल ड्रग खात्याचे एजंट एकत्रच पोचले. पाठदुखीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने लावलेली सहा झाडं. काउंटीवाल्यांनी कागद बघितले आणि म्हणाले सगळं नियमात आहे. डीईएवाले ऐकेनात, तीन तास तिथेच ताणाताणी चालली आणि शेवटी सहाही झाडं उपटून नष्ट केली. यातूनच गोन्झालेस विरुद्ध राइच ही केस झाली आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने वॉशिंग्टनच्या बाजूने निकाल दिला, आधार अर्थात फिलबर्नचा गहू. विरोधात लिहिणाऱ्यांत क्लॅरेन्स थॉमस होते, कोर्टातले अगदी कडवे कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे या वादात डावे उजवे असं सरळ वाटप होत नाही.

मग या निकालानंतर राज्यांचे कायदे रद्द का नाही झाले? कारण दुसरा एक नियम. १९९७ मध्ये बंदुकांच्या एका केसमध्ये कोर्टाने सांगितलेलं की फेडरल सरकार कुठल्याही राज्याच्या पोलिसांना आपलं काम करायला लावू शकत नाही. आपल्याकडे एनडीपीएस हा अमली पदार्थांचा केंद्राचा कायदा पण गांजा पकडतात ते मुख्यतः राज्याचे पोलीसच, तिकडे राज्य म्हणू शकतं की आमचे पोलीस यात पडणार नाहीत. न्यूयॉर्कने १९२३ ला केलं तेच. आणि डीईएकडे सगळ्या देशाला पुरतील इतकी माणसं नाहीत, त्यामुळे कायदा आहे पण राबवायला हात नाहीत.

२०१२ ला कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याने मौजेसाठीही परवानगी दिली तेव्हा ओबामा सरकारने २०१३ मध्ये एक मेमो काढला, मुलांना विकू नका, दुसऱ्या राज्यात जाऊ देऊ नका, मग आम्ही लक्ष घालणार नाही. मेमो म्हणजे कायदा नव्हे, जानेवारी २०१८ ला ट्रम्पचा ॲटर्नी जनरल जेफ सेशन्सने तो रद्दही केला, तरी दुकानं चालूच राहिली. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा कोलोरॅडोविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली होती, कोर्टाने २०१६ मध्ये केस घेतलीच नाही, आणि दोनच वर्षांनी त्या ओक्लाहोमाने स्वतः औषधी गांजा मंजूर केला.

मात्र जिथे पोलीस लागत नाहीत तिथे वॉशिंग्टन चांगलंच चावतं. बँका फेडरल नियमांत येतात म्हणून बऱ्याच बँका या धंद्याला खातंच देत नाहीत, त्यामुळे कॅशचा कारभार आणि चोऱ्या. त्याहून भारी २८०ई नावाचं इन्कम टॅक्सचं कलम. मिनियापोलिसच्या एका ड्रग डीलरने आपला वजनकाटा, फोन, गाडी वगैरे धंद्याचा खर्च म्हणून दाखवला आणि १९८१ मध्ये टॅक्स कोर्टाने तो मान्य केला! संसद भडकली आणि पुढच्याच वर्षी नियम केला की शेड्यूल एक आणि दोनच्या धंद्यात मालाची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होणार नाही. म्हणजे माल विकून १०० डॉलर उरले, त्यातले ८० भाडं आणि पगारात गेले, खरा नफा २०, पण २१ टक्के टॅक्स १०० वर. नफ्यापेक्षा टॅक्स जास्त. लायसन्सवाल्या दुकानांनाही हेच लागू.

म्हणूनच सध्या भांडण शेड्यूलवरून आहे. बायडेन सरकारने मे २०२४ मध्ये गांजा शेड्यूल तीनमध्ये टाकायचा प्रस्ताव आणला, सुनावणी रखडली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्पने तेच काम लवकर उरका असा आदेश काढला. झालं तर २८०ई सुटेल, दुकानदारांना तेवढंच हवंय. पण शेड्यूल तीनचं औषधही प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाही, त्यामुळे दुकान फेडरल नजरेत बेकायदाच राहणार.

आणि तिकडच्या आपल्या मंडळींसाठी हा भाग नुसता इतिहास नाही. इमिग्रेशन पूर्णपणे फेडरल. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून दुकानं उघडी आहेत, शेजारचा अमेरिकन सिटिझन बिनधास्त गमीज (गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्या) घेऊन येतो, पण एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्याने तेच केलं आणि ऑफिसरपुढे कबूल केलं तर कोर्टात शिक्षा झालेली नसतानाही अडचण होऊ शकते. २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी स्पष्ट केलंय की राज्यात लीगल असलं तरी गांजाशी संबंध, त्या धंद्यातली नोकरीसुद्धा, सिटिझनशिपच्या अर्जात चारित्र्याच्या मुद्द्यावर आड येऊ शकतो. शेड्यूल तीन झाला तरी तो कंट्रोल्ड सबस्टन्सच, त्यामुळे यात लगेच काही सुटेल असं दिसत नाही.