मुस्लिमांना घर नाकारण्याची प्रथा (शहरी भारत)

भारतातील शहरांमध्ये मुस्लिम व्यक्तीला किंवा कुटुंबाला केवळ धर्मामुळे घर भाड्याने न देणे, विकत न देणे किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व मिळू न देणे, अशी ही प्रथा आहे. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. तरीही मुंबई, अहमदाबाद, दिल्ली यांसारख्या शहरांत घर शोधणाऱ्या मुस्लिमांना ती पदोपदी आडवी येते आणि शिक्षण, पगार किंवा प्रसिद्धी यांनी तिच्यापासून सुटका होतेच असे नाही. मुंबईत आपल्याला मुस्लिम असल्यामुळे सदनिका मिळाली नाही, असे अभिनेत्री शबाना आझमी यांनी २००८ मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

व्यवहार बहुधा एकाच पद्धतीने मोडतो. फोनवर एजंट भाडे, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पाण्याची वेळ, पार्किंग असे सगळे सांगतो आणि मग पूर्ण नाव विचारतो. आडनाव शेख, खान किंवा मोमीन असल्याचे कळले की घराला आधीच टोकन मिळाल्याचे सांगितले जाते, नाहीतर ‘मालकांची हरकत नाही हो, पण सोसायटी ऐकणार नाही’ असे उत्तर येते. मालकाला गाठावे तर तो सेक्रेटरीकडे बोट दाखवतो, सेक्रेटरी कमिटीकडे, आणि कमिटी इतर सभासदांच्या भावना पुढे करते. लेखी नकार कोणीच देत नाही. त्यामुळे तक्रार करायची म्हटले तरी हातात कागद नसतो.

नकाराची जी कारणे दिली जातात त्यांत आहाराचे कारण सर्वांत पुढे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८३ टक्के पुरुष आणि ७० टक्के स्त्रिया कमी-अधिक प्रमाणात मांसाहार करतात. कोकणी आणि मालवणी घरांत बांगडा, सुरमई, सुकट हे रोजचे जेवण आहे. ‘फक्त शाकाहारी’ ही अट खरोखर वासापुरती असती, तर तिने सर्व मांसाहारी कुटुंबांना सारखेच अडवले असते. काही इमारतींत ती मराठी, दलित आणि ख्रिस्ती कुटुंबांनाही अडवते, हे खरे; पण जिथे शेजारच्या घरात मासळी तळली जाते तिथेही मुस्लिम कुटुंबाला हेच कारण ऐकवले जाते, आणि एखादे मुस्लिम कुटुंब शाकाहारी राहण्याची हमी द्यायला तयार झाले तरी उत्तर बदलेल याची खात्री नसते. सार्वजनिक धर्माचरणाबाबतही मोजमाप असेच बदलते. सोसायटीच्या सभागृहातील सत्यनारायणाची पूजा किंवा आवारातील गणेशोत्सव हा सर्वांचा कार्यक्रम समजला जातो, त्याची वर्गणी सर्वांकडून अपेक्षिली जाते. मुस्लिम रहिवाशाने त्याच सभागृहात इफ्तार ठेवायचे म्हटले की धर्म घरात ठेवावा, हा नियम आठवतो. बकरी ईदला निवासी आवारात कुर्बानी देण्यावर महापालिकेचे निर्बंध आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. मात्र जून २०२३ मध्ये मीरा रोडच्या एका वसाहतीत बकरे नुसते आणल्यावरूनच जमाव जमला, घोषणा झाल्या आणि पोलिसांना यावे लागले. नियमभंगाची वाट पाहण्याचीही गरज कोणाला वाटली नव्हती.

दुहेरी मापदंड किती खोल आहे हे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका घटनेत दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिम येथे एका मराठी महिलेला, येथे महाराष्ट्रीय माणसांना जागा देत नाहीत असे सांगून, कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. तिने केलेली चित्रफीत पसरताच सर्व पक्षांचे नेते बोलले, नकार देणाऱ्यांना माफी मागावी लागली आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. हा संताप रास्तच होता. आपल्याच राज्यात, पैसे मोजायला तयार असताना, केवळ जन्माने मिळालेल्या ओळखीमुळे दारातून परत पाठवले जाणे म्हणजे काय, हे त्या दिवशी महाराष्ट्राला नीट कळले होते. मात्र मुस्लिम कुटुंबाच्या बाबतीत हाच अपमान ‘सोसायटीचा अंतर्गत प्रश्न’ किंवा ‘मालकाची मर्जी’ या नावाखाली खपतो, आणि त्यासाठी इतक्या तातडीने माफी मागायला लावणारे फारसे कोणी पुढे येत नाही. नाकारले जाणारे मुस्लिमही अनेकदा याच मातीतले, मराठी शाळांत शिकलेले असतात, याचीही आठवण तेव्हा राहत नाही.

मुंबईच्या वस्तीची आजची रचना बऱ्याच अंशी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींतून घडली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार या दंगलींत ९०० जणांचा मृत्यू झाला; त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. मिश्र वस्तीत राहणारी हजारो कुटुंबे त्यानंतर आपापल्या समाजाच्या आश्रयाला गेली आणि ठाण्यापलीकडचे मुंब्रा झपाट्याने वाढले. अहमदाबादेत जुहापुरा १९७३ च्या साबरमतीच्या पुरातील विस्थापितांसाठी वसवले गेले होते. पुढच्या दंगलींनी, विशेषतः २००२ च्या हिंसाचाराने, ते शहरातील सर्वांत मोठी मुस्लिम वस्ती बनले. गुजरातमध्ये ‘अशांत क्षेत्र’ कायद्याखाली (१९९१) ठरावीक भागांतील मालमत्तेच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलीच्या धाकाने कोणी कवडीमोलाने घर विकू नये हा त्याचा सांगितलेला हेतू होता, परंतु प्रत्यक्षात हिंदू-मुस्लिम व्यवहार अडवण्यासाठी तो वापरला जातो. अशा रीतीने एकत्र लोटल्या गेलेल्या लोकांवर पुढे ‘ते आपल्यात मिसळत नाहीत, वेगळेच राहतात’ असा आरोप होतो. आधी दार बंद करायचे आणि मग बाहेर का उभा आहेस असे विचारायचे, हा अन्याय या प्रथेतील सर्वांत क्रूर भाग आहे.

मराठी वाचकाला या प्रथेची ओळख वेगळ्या वाटेने आधीच असते. परदेशात शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले आणि ती उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्याच बडोद्यात, हरणी भागातील मुख्यमंत्री आवास योजनेच्या ४६२ घरांच्या वसाहतीत, २०१७ मध्ये एका मुस्लिम महिलेला घर मिळाले. ती तेथील एकमेव मुस्लिम लाभार्थी होती, आणि जून २०२४ मध्ये तिचे वाटप रद्द करावे म्हणून रहिवाशांनी निदर्शने केली. ही घरे सरकारी योजनेतील होती, म्हणजे ‘माझे घर, माझी मर्जी’ हा युक्तिवादही तेथे लागू नव्हता.

ही प्रथा केवळ सांगोवांगीवर उभी नाही. देशातील मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुस्लिमांना संमिश्र वस्तीत घर घेण्यात येणाऱ्या अडचणींची दखल घेतली. दिल्ली परिसरातील एका प्रयोगात अर्थशास्त्रज्ञांनी घरांच्या जाहिरातींना वेगवेगळ्या नावांनी प्रतिसाद पाठवले. घरमालकाकडून उलट संपर्क होण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावासाठी ०.३५, तर मुस्लिम नावासाठी ०.२२ आढळली. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी क्षेत्रात केलेल्या अभ्यासातही दलित अर्जदारांना नकार मिळालेच, पण मुस्लिम अर्जदारांना त्याहून जास्त मिळाले.

कायद्याची बाजू अपुरी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील धर्माधारित भेदभावाची मनाई मुख्यतः राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी अशा ठिकाणी ती खासगी व्यक्तींनाही लागू होते, पण राहत्या घराचा त्यांत उल्लेख नाही. झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, वैध ठरवला. मुंबईतील सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच १९१५ मध्ये गावदेवीच्या सारस्वत संस्थेने झाली होती, आणि लहान समाजाने एकत्र येऊन आपल्या लोकांसाठी निवारा उभारणे समजण्यासारखे आहे. परंतु त्या निकालाचा आधार घेऊन अख्ख्या उपनगरात एका धर्माच्या लोकांना वगळणे ही निराळी गोष्ट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देताना संस्थेची परवानगी लागत नाही, फक्त पूर्वसूचना पुरते. म्हणजे ‘सोसायटीची एनओसी मिळणार नाही’ या सबबीला आदर्श उपविधींचा आधार नाही. अनेक सभासदांना हे ठाऊकच नसते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने घरे भाड्याने देताना व विकताना धर्माच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही त्याचे संरक्षण मिळते. भारतात सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली आणि एन. आर. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. तो आयोग अस्तित्वात आला नाही, आणि घरमालकाने धर्मावरून दिलेल्या नकाराविरुद्ध भाडेकरूला दाद मागता येईल असा केंद्रीय कायदाही झालेला नाही.