दीड ग्रॅमच्या जिवाला भूल देताना

‘16 कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द 2021 साली महाराष्ट्रात घरोघरी पोचले. मुंबईतल्या एका तान्ह्या बाळाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार झाला होता आणि अनोळखी लोकांनी वर्गणी काढून ते औषध आणवलं. या औषधाची वाट उंदराच्या पिल्लांमधून गेली आहे. हाच आजार असलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना निरोगी जनुक वाहणारे विषाणू शिरेतून टोचल्याचा प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचाराविना दोनेक आठवड्यांत मरणारी ही पिल्लं 250 दिवसांहून जास्त जगली.

एक दिवसाचं पिल्लू म्हणजे दोन-तीन शेंगदाण्यांएवढं वजन. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. त्याचा मेंदू इतका अपुरा असतो की त्याची तुलना आईच्या पोटातल्या मानवी गर्भाशी करतात. म्हणूनच मेंदू घडतो कसा हे शोधणाऱ्यांना ते हवं असतं. पण टोचताना-कापताना त्याला भूल द्यायची कशी?

मोठ्या उंदरांना केटामाइन आणि झायलाझिन टोचतात. नवजात पिल्लाचं यकृत ही औषधं नीट पचवू शकत नाही, आणि गुंगी येण्याचा डोस व श्वास थांबण्याचा डोस यांत फारसं अंतर उरत नाही. म्हणून बर्फ वापरला जातो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला शरीराचं तापमान स्वतः राखता येत नाही. रबरी हातमोज्याच्या बोटात ठेवून त्याला बर्फाच्या चुऱ्यात ठेवलं की काही मिनिटांत नसांमधून संदेश जाणं बंद पडतं. पायाचं बोट चिमटलं तरी ते पाय ओढून घेत नाही. हातमोज्याचा तो पातळ पडदा मात्र हवाच, नाहीतर कातडी बर्फाने भाजते.

पद्धत स्वस्त आहे आणि पिल्लं बहुधा सुखरूप शुद्धीवर येतात. मला तिच्याबद्दल एक गोष्ट खटकते. बर्फाच्या पाण्यात हात घालून पाहा: गारठताना दुखतं, आणि पुन्हा ऊब मिळताना जास्तच. पिल्लू तर ओरडत नाही, असं कुणी म्हणेल. ते ओरडतं. थंडी वाजली, घरट्याबाहेर पडलं, की ते 20 किलोहर्ट्झच्या वरच्या आवाजात आईला हाका मारतं. त्या आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. माणसाच्या बाळांबाबतही आपण अशीच चूक केली होती. 1980च्या दशकापर्यंत अनेक नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया जेमतेम भुलीवर उरकल्या जात. 1987 मध्ये कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डला दाखवलं की फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो आणि गुंतागुंतही कमी होते.

मग हुंगवून भूल देणारा आयसोफ्लुरेन वायू का नको? तो चांगला आहे, पण मेंदूच्या अभ्यासात त्याचीही एक मेख आहे. 2003 साली रॅट या मोठ्या जातीच्या उंदरांच्या सात दिवसांच्या पिल्लांना आयसोफ्लुरेन, नायट्रस ऑक्साइड आणि मिडाझोलाम ही भुलीची औषधं सहा तास दिल्यावर मेंदूतल्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या, पुढे शिकण्यातही ती मागे पडली. म्हणजे आपण प्रयोगाचा परिणाम मोजतोय की भुलीचा, हाच प्रश्न. (आईवडिलांनी धास्तावू नये: एका तासाहून कमी भूल एकदाच मिळालेली तान्ही बाळं पाचव्या वर्षी इतरांपेक्षा मागे नव्हती, असं 2019च्या मोठ्या चाचणीत दिसलं.)

माझ्या मते बर्फ पहिल्या काही दिवसांपुरता आणि काही मिनिटांच्या कामापुरताच असावा. काप घ्यायचा तर तिथे बधिर करणारं औषधही हवं. पिल्लू मोठं असेल किंवा काम लांबणार असेल, तर वायू, ऑक्सिजन आणि अंगाखाली ऊब.

खरी कसोटी त्यानंतर असते. गारठलेलं पिल्लू दिव्याखाली झटकन तापवलं तर इजा होते. सुमारे 33 ते 35 अंशांवर, अर्धा तास धीर धरून त्याला हळूहळू ऊब द्यावी लागते. ते पुन्हा गुलाबी झालं, हातपाय हलवू लागलं, की घरट्यातला भुसा अंगाला चोळून भावंडांसोबत आईकडे सोडतात. परका वास आला तर ती त्याला टाकते, कधी खाऊनही टाकते. दुसऱ्या सकाळी पारदर्शक कातडीतून पोटात दुधाचा पांढरा ठिपका दिसला, तर तिने त्याला जवळ घेतलंय.