चिंताविकाराची रक्ततपासणी अजून का नाही?

१९६७ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या फेरिस पिट्स आणि जेम्स मॅक्ल्युअर या दोन डॉक्टरांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि मनोविकारशास्त्रात खळबळ उडाली. त्यांनी २४ जणांना शिरेतून सोडियम लॅक्टेटचं सलाईन लावलं होतं. लॅक्टेट म्हणजे श्रम करताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ. १४ जण तेव्हाच्या भाषेत ‘अँग्झायटी न्यूरोसिस’चे रुग्ण होते, १० जण निरोगी. सलाईन जेमतेम वीस मिनिटांचं. तेवढ्यात १४पैकी १३ रुग्णांना छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, जीव घाबरा होणं असा नेहमीचाच झटका आला. निरोगी माणसांपैकी तो फक्त दोघांना आला. त्याच लोकांना नुसतं ग्लुकोज-सलाईन लावलं तेव्हा असं काही झालं नाही, आणि कोणत्या वेळी कोणती बाटली लावली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. चिंतेची ‘तपासणी’ सापडली, असं वाटायला एवढं पुरेसं होतं.

लॅक्टेटच का, याचं उत्तर त्याआधीच्या जवळजवळ शंभर वर्षांत आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना तपासताना फिलाडेल्फियाच्या जेकब डा कोस्टा यांना असे शेकडो जवान दिसले, की ज्यांना थोड्याशा श्रमाने धाप लागायची, छातीत दुखायचं, धडधडायचं, पण हृदयात म्हणावा असा दोष सापडायचा नाही. १८७१मध्ये त्यांनी ३०० सैनिकांच्या नोंदी मांडल्या आणि या अवस्थेला ‘इरिटेबल हार्ट’ म्हटलं. १८९५मध्ये फ्रॉइड यांनी ‘चिंता’ हा वेगळा आजार म्हणून बाजूला काढला, तरी लष्करी डॉक्टरांसाठी हे दुखणं हृदयाचंच राहिलं. पहिल्या महायुद्धात थॉमस लुईस यांनी त्याला ‘एफर्ट सिंड्रोम’ असं नाव दिलं. दुखण्याचं मूळ हृदयात नसून भीतीत आहे, हे लंडनच्या पॉल वुड यांनी १९४१मध्ये ठामपणे सांगितलं. ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. पुढे बॉस्टनमध्ये मँडेल कोहेन आणि पॉल व्हाइट यांना दिसलं, की व्यायाम केल्यावर अशा रुग्णांच्या रक्तात लॅक्टेट इतरांपेक्षा जास्त चढतं. पिट्स यांनी हाच धागा उचलला. जास्तीचं लॅक्टेट हा चिंतेचा परिणाम नसून कारणच असेल तर, असा त्यांचा प्रश्न होता.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध वापरून पाहत होते. एक रुग्ण दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत नर्सच्या टेबलाकडे धावत यायचा. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले तरी ‘काही फरक नाही’ हेच त्याचं म्हणणं होतं. त्याचं धावत येणं थांबलंय, हे नर्सच्या लक्षात आलं. मला या सगळ्या इतिहासात ही नोंद सर्वांत मोलाची वाटते. काळजी तशीच होती, झटके मात्र गेले होते. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. १९८०मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने पॅनिक डिसऑर्डर (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा विकार) आणि सततच्या काळजीचा विकार वेगवेगळे नोंदवले, त्यामागे या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे.

इमिप्रामिनने बरं वाटू लागलेल्या रुग्णांना पुन्हा लॅक्टेट दिलं तर झटका सहसा येत नाही, हेही पुढे दिसलं. म्हणजे निदानाबरोबर उपचारावर लक्ष ठेवायलाही ही चाचणी कामाची ठरेल, अशी आशा वाटू लागली. ती टिकली नाही. कॅफीनच्या मोठ्या मात्रेने झटका येतो, ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या एका श्वासानेही येतो. लॅक्टेटमुळे युद्धातून परतलेल्या आघातग्रस्त सैनिकांना जुने प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे दिसू लागले. ‘आता काय होईल’ या अपेक्षेवरही झटका अवलंबून असतो, असे आक्षेप आले. आणि निदानासाठी माणसाला मुद्दाम त्याच्या सर्वांत भयंकर अनुभवात ढकलायचं, हे दवाखान्यात रोज करण्यासारखं नव्हतंच.

मग जनुकांकडे मोर्चा वळला. सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला एक फरक चिंताळू स्वभावाशी जोडलेला आहे, असं १९९६मध्ये ५०५ जणांच्या अभ्यासातून मांडलं गेलं. मुळात त्या फरकामुळे स्वभावातल्या भिन्नतेचा जेमतेम ३ ते ४ टक्के भाग उलगडत होता, पण ‘चिंतेचं जनुक’ म्हणून गाजावाजा मोठा झाला. बऱ्याच मोठ्या संख्येवर केलेल्या नंतरच्या अभ्यासांत असे एकेकट्या जनुकाचे दावे टिकले नाहीत. कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक तर दिवसाच्या वेळेनुसारच खालीवर होतं, त्यामुळे त्यावरूनही निदान करता येत नाही.

मेंदूच्या चित्रणाने अमिग्डाला या भागाला भीतीचं केंद्र ठरवलं होतं. २०१३मध्ये, दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन रुग्णांना कार्बन डायऑक्साइड हुंगवला, तर तिघांनाही पॅनिक झटका आला. धोका डोळ्यांनी दिसणं आणि आतून श्वास कोंडणं, या दोन्हींच्या वाटा मेंदूत एकच नसाव्यात.

२०१६-१७मध्ये जैविक मनोविकारशास्त्राच्या जागतिक महासंघाच्या तज्ज्ञांनी चित्रण, जनुकं, रसायनं, हृदयगतीतले बदल असा सगळा पुरावा तपासला. निदानासाठी वापरता येईल इतकं नेमकं एकही चिन्ह त्यांना सापडलं नाही.

म्हणून आजही छातीत धडधडतं म्हणून गेलेल्या माणसाचा ईसीजी आणि टीएसएच काढतात तो हृदयाचा किंवा थायरॉईडचा आजार नाही ना, एवढं पाहायला. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असतो. दुसरा त्या तपासण्यांवरून कुणालाच म्हणता येत नाही. उपचाराने फरक पडतोय का, हे पाहायला २००६पासून सात प्रश्नांची एक यादी जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली का, स्वस्थ बसवलं का, असे ते प्रश्न. गुण शून्य ते २१.